तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या घराला कंपाउंड का नाही

‘मॅडम, तुम्ही अख्ख्या धुळ्याचे नकाशे काढता आणि तुमच्याच घराला कंपाउंड नाही?’

बँकेच्या लोनसाठी नकाशा न्यायला आलेली पार्टी हे विचारते. लग्नाची पत्रिका द्यायला आलेले नातेवाईक विचारतात, शेजारी नव्याने राहायला आलेले भाडेकरू विचारतात. जे 2020 च्या आधीपासून कॉलनीत आहेत ते विचारत नाहीत, सांगतात: ‘ताई, आता तरी बांधून घ्या.’ मी आजवर ‘बघू’, ‘यंदा नाही जमलं’, ‘खर्च फार येतो’ अशी उत्तरं देत आले. यातलं खर्चाचं कारण खोटं आहे. आता मला एकदा नीट उत्तर द्यायचंय, कारण तुटक उत्तरांमधून लोकांनी स्वतःच एक गोष्ट तयार केली आहे आणि ती माझ्या घरातल्या माणसाबद्दल आहे.

घर देवपुरात. जुन्या आग्रा रोडवरून नगावबारीकडे जाताना आत दोन वळणं घेतली की येतं. जिथे भिंत आणि फाटक असायला हवं तिथे ओटा आहे, प्लॉटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, रस्त्याला लागून. उंची दीड फूट, रुंदी चार फूट, वर शहाबादी फरशी. कडेला निंब, निंबाखाली माठ. ओटा आमच्या हद्दीत आहे, रस्त्याची एक इंच जागा घेतलेली नाही. हेही मला सारखं कुणाला तरी सांगावं लागतं, म्हणून इथे लिहून ठेवते.

एक गैरसमज आधी दूर करते. वाडे, ओसऱ्या, पार, गावगाडा यांच्या आठवणींनी मी हळवी होत नाही. असं लिखाण वाचलं की मला राग येतो, कारण ते लिहिणारा माणूस नेहमी ओट्यावर बसलेला असतो. आमचे आबा, म्हणजे माझे सासरे, साक्री तालुक्यातल्या एका गावात गावकुसाबाहेर वाढले. गावात ओटे भरपूर होते. पाटलांचा ओटा, दुकानाचा ओटा, मारुतीचा पार. त्यांच्या वस्तीतल्या कुणालाही त्यातल्या एकावरही टेकायची सोय नव्हती. उन्हातान्हात पाणी मागितलं तर ओट्यावरचा माणूस वरून ओंजळीत धार सोडायचा आणि पिणारा खाली धुळीत उकिडवा बसायचा. दीड फुटाचं अंतर. मी जोत्याची उंची काढते तेव्हा माझ्या स्केलवर तो दीड फूट फार लहान दिसतो.

आबा शिकले, नोकरीला लागले, धुळ्याला आले. निवृत्तीच्या सुमारास, 1996 मध्ये, हे घर बांधलं. नकाशा मी काढला. मी तेव्हा नवी सून, डिप्लोमा झालेला, हातात पहिलंच स्वतःच्या घराचं काम. मी समोर पाच फुटांची भिंत काढली, लोखंडी फाटक, फाटकाच्या खांबावर नावाची पाटी. आबांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि अहिराणीत विचारलं,

‘आनि ओटा कोठे शे?’

मी म्हटलं, आबा, आता कॉलन्यांमध्ये ओटा कुणी करत नाही. आणि मग मनातलं बोलले. म्हटलं, इतकी वर्षं लोकांनी आपल्याला बाहेर ठेवलं. आता आपलं फाटक असू दे. आत कुणाला घ्यायचं ते आपण ठरवू. पाटीवर तुमचं पूर्ण नाव, आडनावासकट, रस्त्यावरून वाचता येईल असं.

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘नाव लाव. दारवर लाव. पन मन्हा ओटावर कोनीबी बठी. कोनीबी.’

भिंत खोडली, ओटा आला. पण त्या दिवशीचं माझं म्हणणं चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या वेशीबाहेर ठेवलं, त्याला स्वतःचं फाटक हवंसं वाटणं यात काय वाईट आहे? माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी पार्ट्या पहिल्या पिढीतल्या घरबांधणाऱ्या असतात. त्यांना आधी फाटक हवं असतं, मग स्वयंपाकघर. त्यांना मी ओट्याचं व्याख्यान देत नाही. भिंत काढून देते, आणि मनापासून चांगली काढून देते. म्हणून ‘सगळ्यांनी कंपाउंड पाडा’ असं मी म्हणते, हे जे काही जण पसरवतात, ते खरं नाही.

आता शहराबद्दल. 1818 मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्जने धुळ्याला मुख्य ठाणं केलं, बाहेरून व्यापारी बोलावून वसवले, सरळ रस्ते आखून नवी पेठ उभी केली. आपल्याकडे अजून पत्ता सांगताना गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच असं सांगतात. त्या सरळ गल्ल्यांमध्ये घराचं दार थेट रस्त्यावर उघडतं आणि दार व रस्ता यांच्या मधे ओटा असतो. तो ना धड घर असतो ना धड रस्ता, आणि त्यामुळे तिथे थांबायला कारण लागत नाही. आत जायचं तर बोलावणं लागतं. रस्त्यावर नुसतं उभं राहिलं तर ‘काय पाहिजे?’ असं विचारतात. ओट्यावर माणूस पाच मिनिटं टेकतो, बोलतो, उठून जातो. शहरातली निम्मी ओळख अशी, ठरवून न भेटता होते. पाचकंदीलला भाजी घ्यायला निघालेली बाई चार ओट्यांवर थांबत जायची आणि येताना कुणाच्या घरी ताप आहे, कुणाची परीक्षा आहे, कुणाची नोकरी गेली हे घेऊन यायची.

माझं माहेर जुन्या जळगावात. तिथे कार्तिकी एकादशीला रामाचा रथ निघतो, 1872 पासून. एवढं मोठं लाकडी धूड अरुंद गल्लीतून चालतं. चाकाखाली मोगरी, म्हणजे लाकडी पाचर, लावणारे ती सरकवून त्याला वळवतात, एवढ्याशा चुकीने कुणाच्या घराचा कोपरा जाईल. भिलपुऱ्यात लालशाबाबांच्या समाधीपाशी रथ थांबतो, चादर चढते. रथाच्या दोन्ही बाजूंचे ओटे भरलेले असतात आणि त्या दिवशी ओटा कुणाचा हे कुणी विचारत नाही. मी लहान असताना मला वाटायचं की गावातली सगळी माणसं या एका दिवशी एकमेकांच्या हाताच्या अंतरावर येतात, ती या ओट्यांमुळे. आजही वाटतं. पण उरलेल्या दिवसांचं काय? उरलेल्या दिवशी ओटा कुणाचा हे बरोबर विचारलं जायचं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या गल्लीत निंबाला झोका बांधत. सासरहून आलेल्या मुली गौराईची गाणी म्हणत रात्री उशिरापर्यंत झोके घ्यायच्या. बाईमाणसाने रस्त्यावर मोठ्याने गावं, हसावं, आणि कुणी काही म्हणू नये, अशी वर्षातली ती रात्र. उन्हाळ्यात ओट्यावर बिबडे, कुरडया, दहा घरच्या बायका एकत्र. ही एक बाजू. दुसरी बाजू अशी, की त्याच बायकांना मी कॉलेजातून किती वाजता आले, कुणाच्या सायकलमागे आले, ओढणी कशी होती हे पाठ असायचं. माझ्या मैत्रिणीचं शिक्षण त्या ओट्यांवरच्या बोलण्याने सुटलं. ओट्यावर बसलेली माणसं सांभाळतात तशीच जखडूनही ठेवतात. मी लग्न करून धुळ्याच्या कॉलनीत आले तेव्हा मला पहिल्यांदा मोकळं वाटलं, कारण कुणाचं लक्ष नव्हतं. हे मी लपवणार नाही.

मग कॉलन्या भरत गेल्या आणि मी त्या भरताना माझ्या टेबलावर पाहिल्या. आधी पार्टी म्हणायची, कुत्री येतात, तीन फुटांची भिंत द्या. मग पाच फूट. नियमात समोरची भिंत दीड मीटर, वरचा भाग जाळीचा ठेवला तर 2.4 मीटर. जाळीच्या आतून हिरवा पत्रा किंवा शेडनेट लावलं की नियमही राहतो आणि रस्ताही दिसत नाही. मग कॅमेरे आले. मार्जिनमधली, म्हणजे घराभोवती सोडलेल्या जागेतली, झाडं गाडीसाठी गेली. आता मे महिन्यात दुपारी दोनला आमच्या कॉलनीत चालून बघा. दोन्ही बाजूंना तापलेल्या भिंती, मधे काँक्रीटचा रस्ता, सावली सगळी भिंतींच्या आत. खानदेशातला उन्हाळा आहे हा, पारा पंचेचाळीसला टेकतो. पायी चालणाऱ्याला एक पाय सावलीत टाकायची सोय नाही. आणि पायी कोण चालतं? धुणीभांडी करणाऱ्या बायका, घंटागाडीवरच्या बायका, शाळेची पोरं, म्हातारी माणसं. ज्याने भिंत बांधली तो गाडीतून फाटकातच उतरतो.

‘पण ओपन स्पेस आहे ना!’ हे पुढचं वाक्य ठरलेलं. आहे. 0.4 हेक्टरच्या वरचा ले-आउट असेल तर 10 टक्के जागा मोकळी सोडावी लागते, म्हणून प्रत्येक कॉलनीत ती आहे. आमच्याही. तिलाही कंपाउंड आहे, फाटक आहे, फाटकाला कुलूप आहे. एका कोपऱ्यात देऊळ, एका कोपऱ्यात पत्र्याचं शेड, मधे गवत. किल्ली कॉलनीतल्या एका घरी. मुलं रस्त्यावर क्रिकेट खेळतात, बायका जेवणं झाली की रस्त्याच्या कडेने फेऱ्या मारतात आणि गाडी आली की भिंतीला चिकटून उभ्या राहतात. जळगावला संध्याकाळी काव्यरत्नावली चौकात, भाऊंच्या उद्यानात जी गर्दी असते ती पाहिली की कळतं, की लोकांना दुसरं काही नको असतं, नुसतं चार माणसांच्या आसपास बसायचं असतं. त्यासाठी माणसं शहराच्या दुसऱ्या टोकाहून गाडी काढून येतात.

हे सगळं मी 2020 च्या आधीही सांगू शकले असते. पण तुम्ही ज्यासाठी विचारता ते त्या मे महिन्याबद्दल आहे.

24 मार्चच्या रात्री कोरोनामुळे देश बंद झाला. एप्रिल सरत आला तशी माणसं दिसायला लागली. मुंबई, भिवंडी, नाशिककडून निघालेली. मुंबईहून धुळं सव्वातीनशे किलोमीटर, पुढे सोनगीर, शिरपूर, पळासनेर आणि बिजासनचा घाट चढून सेंधवा. त्याच्याही पुढे त्यांची गावं, उत्तर प्रदेशात, बिहारात. बरीचशी हायवेने बाहेरून निघून जात. काही पाण्याच्या, किराण्याच्या आशेने जुन्या आग्रा रोडने शहरातून येत आणि नगावबारीला पुन्हा हायवे धरत. चपला फाटलेल्या, पिशव्या डोक्यावर. सगळ्या भिंती, सगळी फाटकं बंद. कुणाच्या पायरीवर टेकावं तर आतून आवाज येई.

8 मेला बातमी आली. जालन्याहून मध्य प्रदेशात गावी निघालेले मजूर, भुसावळला गाडी मिळेल म्हणून रुळांवरून चालत होते. करमाडजवळ थकून रुळांवरच झोपले. पहाटे मालगाडीखाली 16 जण गेले. टीव्हीवर रुळांवर पडलेल्या भाकऱ्या दाखवत होते. आबा समोर बसले होते. त्यांनी एवढंच विचारलं, ‘बठाले जागा नही भेटनी का त्यासले?’

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ओटा धुतला. माळ्यावरची ताडपत्री काढून निंबापासून गॅलरीच्या गजाला बांधली. आणखी एक माठ आणून ठेवला. कुणी दिसलं की हाक मारायचे, मोडक्या हिंदीत, ‘बैठो भाई, पानी पिओ, बैठो.’ मी पोळ्या करायला लागले. खोटं का बोलू, कॉलनीतल्या काहींनी मदत केली. एकीने रोज खिचडी दिली, एकाने लहान मुलांच्या चपला आणून ठेवल्या. माझे यजमान मात्र वडिलांना हात जोडत होते: तुमचं वय बघा, आत बसा, पाणी ठेवा पण तुम्ही आत बसा. आबा माठापासून हलले नाहीत. तोंडाला उपरणं बांधून ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसून राहायचे.

एका दुपारी एक कुटुंब आलं. नवरा, बायको, एक मुलगी पाच-सहा वर्षांची, एक कडेवर. बाई ओट्याजवळ आली आणि उभीच राहिली. मग तिने विचारलं, ‘यहाँ बैठने का कितना लगेगा?’

आबांना आधी कळलंच नाही. मी दारातून सांगितलं, काही नाही, बसा. ते बसले. पोरं झोपली. उन्हं उतरल्यावर निघाले, तेव्हा त्या माणसाने खांद्यावरचा गमछा माठातल्या पाण्यात भिजवला आणि जिथे सगळे बसले होते ती फरशी पुसायला लागला. नीट, कोपऱ्यांपर्यंत. कुणीतरी मागच्या गावात तसं करायला लावलं असेल, किंवा रोगाची भीती, किंवा त्यांच्या गावची जुनी सवय. मला माहीत नाही. आबा उठून त्याच्याजवळ गेले. इतके दिवस पाळलेलं अंतर विसरून त्यांनी त्याचा हात धरला. ‘पुसू नको,’ म्हणाले. ‘मत पोंछो. पुसू नको रे भो.’ त्यांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. तो माणूस घाबरला, त्याला वाटलं आपलं काही चुकलं.

त्याच आठवड्यात कॉलनीतली काही माणसं आली, तोंडाला रुमाल बांधून, रस्त्याच्या पलीकडे उभी राहिली. त्यांचं म्हणणं होतं, ओट्याला दोरी लावा. इथे लहान मुलं आहेत, घराघरात शुगरचे पेशंट आहेत. मी त्यांच्यावर चिडले, पण त्यांच्या भीतीला नाव ठेवणार नाही. तेव्हा कुणालाच काही कळत नव्हतं. आबा म्हणाले, ‘ओटाले कुलूप राहस का?’ मग तक्रार गेली, पोलीस आला, समजुतीने बोलला, गेला.

आणि एका सकाळी उठून पाहिलं तर ओट्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत जळकं ऑइल ओतलेलं होतं. काळं, गाड्यांचं. कुणी बसू नये म्हणून. माठ फुटलेला होता. कुणी केलं ते मला ठाऊक आहे. नाव लिहिणार नाही, आजही रस्त्यात भेटलो की आम्ही एकमेकांना विचारपूस करतो. आबा आणि मी रॉकेल, धुण्याचा सोडा, लाकडाचा भुसा घेऊन दुपारपर्यंत घासत होतो. शहाबादी फरशी तेल पिते, डाग गेला नाही. तुम्ही येता तेव्हा जो काळपटपणा बघून ‘फरशी तरी बदला’ म्हणता, तो तोच. संध्याकाळी आबांनी नवा माठ आणून भरला.

मेच्या शेवटी गाड्या, बस वाढल्या तशी पायी चालणारी माणसं कमी झाली, मग दिसेनाशी झाली. जूनच्या मध्यावर आबांना ताप आला. तपासणीत कोरोना निघाला. अँब्युलन्स आली, पांढऱ्या पोशाखातली माणसं आली, ते आपल्या पायांनी चालत ओट्यावरून उतरले. रस्त्याला दोन्ही बाजूंनी बांबू लागले. खिडक्यांमधून सगळे बघत होते, पण आवाज कुणाचाच नव्हता. ते परत आले नाहीत. यजमानांनी लांबून पाहिलं, तेवढंच. दारावर कुणी आलं नाही, येऊ शकतच नव्हतं. ज्या ओट्यावर आयुष्यभर कुणीही बसावं असं त्यांनी म्हटलं, त्यांच्या दुखवट्याला तिथे एक माणूस बसला नाही.

‘ओट्यामुळे गेले.’ हे वाक्य मी फोनवर ऐकलं आहे, किराणा दुकानात पाठीमागून ऐकलं आहे, नात्यातल्या माणसाकडून तोंडावर ऐकलं आहे. ‘आता तरी बांधून घ्या’ म्हणणाऱ्यांच्या मनात तेच असतं. मग ऐका. त्या काळात आबा पेन्शनसाठी बँकेच्या रांगेत उभे राहिले होते. औषधाच्या दुकानात गेले होते. नाशिकहून पुतण्या येऊन दोन रात्री राहून गेला होता आणि नंतर तोही आजारी निघाला. त्याबद्दल कुणी कधी विचारत नाही. पुतण्या घरचा, रांग बँकेची, दुकान ओळखीचं. दोष द्यायला ओट्यावर बसून गेलेली अनोळखी माणसं बरी पडतात, ती उत्तर द्यायला येत नाहीत. त्या वर्षी सात फुटी भिंतींच्या आतही माणसं गेली. त्यांच्या भिंतीला कुणी दोष दिला नाही.

आणि तरीही, ओट्यामुळेच गेले असतील. मी तारखांचा हिशोब मांडून पाहिला आहे. रात्री झोप येत नाही तेव्हा अजूनही मांडते. उत्तर येत नाही. ज्याचा हात त्यांनी धरला तो माणूस आठवतो, आणि मी त्याच्या नावाने बोटं मोडू शकत नाही, आणि बोटं मोडावीशी वाटली नाहीत असंही नाही.

त्या पावसाळ्यात यजमानांनी विटा आणून टाकल्या. एक ट्रॅक्टर. त्यांचं दुःख माझ्यापेक्षा कमी नव्हतं, त्यांचा बाप गेला होता. मी भिंतीचा नकाशा काढायला नकार दिला. आमच्यात तेव्हा बोलणं बंद झालं होतं. मी त्यांना जे सांगू शकले नाही ते इथे लिहिते: तेव्हा भिंत बांधली असती तर आबांनी शेवटी जे केलं ते चूक होतं, असं आपण विटांनी लिहून दिलं असतं. हे स्थापत्याचं कारण नाही, मला कळतं. एखाद्या पार्टीने मला असं कारण सांगितलं असतं तर मी तिला दोन दिवस विचार करून या म्हटलं असतं. विटा पुढे मागच्या टाकीला लागल्या.

आता ओट्यावर कोण बसतं? सकाळी घंटागाडीवरच्या दोघी, चहाचा थर्मास घेऊन. शाळेच्या व्हॅनची वाट बघणारी मुलं. पार्सल पोचवणारे, पत्ता शोधत मोबाइल बघत. मागच्या गल्लीतले एक आजोबा, ज्यांना घरात दिवसभर कुणी बोलायला नसतं. पूर्वी कॉलनीतल्या शेजाऱ्यांची नावं मला सातबाऱ्यावर आणि नकाशावर माहीत होती, आता त्यांच्या नातवंडांची माहीत आहेत, ती या ओट्यामुळे.

आणि रात्री दहानंतर कधी कधी पोरं बसतात. बाटल्या असतात. गेल्या दिवाळीत माझी मुलगी पुण्याहून उशिराच्या बसने आली, स्वतःच्या घराच्या ओट्यावरून चढताना तिला ऐकून घ्यावं लागलं. आत येऊन ती म्हणाली, ‘आई, आजोबांचं सगळं मला मान्य आहे. पण मला माझ्या दारात घाबरायचं नाही. भिंत बांध.’ तिच्यापुढे माझा एकही मुद्दा टिकला नाही. कॉलेजात असताना ओट्यावरच्या नजरांना वैतागलेली मी तिच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं. मी मोठा दिवा लावला, रात्री दहाला मी स्वतः बाहेर जाऊन बसते, पोरं उठून जातात. पण मी रोज नसणार. गावात दुकानांच्या पायऱ्यांवर लोखंडी टोकं बसवलीत तशी बसवा, असं एका मिस्त्रीने सुचवलं. त्याला मी घरातून जायला सांगितलं.

तर तुम्ही विचारलंत म्हणून माझं उत्तर असं आहे. कॉलनीच्या ओपन स्पेसचं कुलूप काढा. समोरची भिंत कंबरेएवढी करा म्हणजे आतलं रस्त्यावरून दिसेल. चार निंब लावा, सावलीत बाक टाका, उंची दीड फूट. एक नळ. बाहेरगावच्या, कामाला आलेल्या बायकांना वापरता येईल असं एक स्वच्छतागृह, आतून कडी लागणारं. रात्री उजेड. याचा नकाशा मी फुकट काढून देते, मनपाच्या परवानगीसाठी फेऱ्याही मी मारते. ते झालं आणि तिथे कुणीही, खरंच कुणीही येऊन बसायला लागलं, की माझ्या कंपाउंडबद्दल बोलायला या. मुलीला मी हेच सांगितलं आहे, ती म्हणाली की तिला हे पळवाटीसारखं वाटतं. असेलही. आणि ते सगळं झाल्यावरसुद्धा मी भिंत बांधीनच, असा शब्द मी आज कुणाला देत नाही.